मिरग लागूदे, मग ये

त्या सड्यावर, जांभ्याच्या त्या उघड्या पठारावर, मी पहिल्यांदा पोचले ती २०१९ च्या एप्रिलमधली सकाळ होती. जेमतेम साडेनऊ वाजले होते, पण कातळ एवढा तापला होता की बुटाच्या तळव्यातून चटका लागत होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचा कचरा डेपो सड्याच्या टोकाला होता आणि तो भरत आला होता. त्याला लागून असलेली काही एकर जागा घेऊन तिथे शास्त्रीय पद्धतीने कचरा पुरायचा, असा प्रस्ताव होता. त्या जागेत आणि भोवताली संरक्षित वनस्पती, वन्यजीव आणि त्यांचे अधिवास काय आहेत ते तपासून अहवालातलं एक प्रकरण लिहायचं, हे काम एका सल्लागार कंपनीमार्फत माझ्याकडे आलं होतं.

जागेचा सातबारा सोबत होता. सगळी जमीन पोटखराबात लागलेली, म्हणजे पिकाखाली न येणारी, जिच्यावर सारा बसत नाही अशी. देशातल्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह सरकार काढतं, त्यात उघड्या कातळासाठी ‘ओसाड खडकाळ’ असा वर्गच आहे. समोर जे दिसत होतं ते या कागदांशी तंतोतंत जुळत होतं. काळपट जांभा, त्यावर करपलेल्या गवताचे बुडखे, मधूनच एखादी करवंदीची जाळी आणि प्रत्येक जाळीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी. डेपोवर घारी घिरट्या घालत होत्या. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पिशव्या, वेफर्सची रिकामी पाकिटं सड्यावर दूरवर पसरत आणि कातळाच्या भेगांत जाऊन बसत.

मी झाडं मोजायची चौकट कातळावर टाकून वाकून पाहत होते, तेवढ्यात गुरं घेऊन एक आजी आली. डोक्यावर टॉवेल, हातात काठी. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

“काय शोधतेस गो बाय?”

“झाडं बघतेय आजी. कुठली कुठली उगवतात इथे ते.”

“आता?” तिला खरंच नवल वाटलं होतं. “आता काय हाय हितं? मिरग लागूदे, मग ये. पाय ठेवायला जागा नाय मिळायची तुला.”

ती जे म्हणाली ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकले. ऑगस्ट-सप्टेंबरात भिजत पठारं पालथी घातली. पण शिकणं वेगळं आणि कामाचं वेळापत्रक वेगळं. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनासाठी २००६ ची जी अधिसूचना आहे, तिच्याखाली सामाईक घनकचरा प्रकल्प येतात. जागेची मूळ स्थिती नोंदवण्यासाठी साधारणपणे एका ऋतूची माहिती घेतली जाते, आणि तीही पावसाळा वगळून. हवेतली धूळ मोजायची असेल तर ते बरोबरच आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे खोटेच कमी येतात. पण धुळीसाठी ठरवलेला तोच ऋतू झाडांनाही लागू होतो. कोकणातला सडा जगतो जून ते ऑक्टोबर. म्हणजे तो झोपलेला असतानाच आपण त्याची तपासणी करतो आणि इथे कुणी राहत नाही असं लिहून देतो.

मीही तसं लिहून दिलेलं आहे. त्याच्या काही वर्षं आधी, दुसऱ्या तालुक्यात, एका मोठ्या चिरेखाणीच्या कामासाठी मी फेब्रुवारीत तीन दिवस सड्यावर फिरले होते. अहवालात लिहिलं, ‘विरळ गवत व झुडपे. दुर्मीळ वा संरक्षित वनस्पती आढळल्या नाहीत.’ त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आढळल्या नव्हत्याच. पण वाचणाऱ्याने ‘आढळल्या नाहीत’चा अर्थ ‘नाहीत’ असा घेतला आणि तो तसाच घेतला जाणार हे मला कळायला हवं होतं. तो सडा आता नाही. तिथे वीस-पंचवीस फूट खोल चौकोनी खड्डे आहेत. त्यावर काय उगवत होतं हे आता कुणालाच, कधीच कळणार नाही. आजीचं वाक्य ऐकलं तेव्हा मला तो सडा आठवला.

त्या रात्री मी कंपनीला कळवलं की उन्हाळ्याचं काम ठरल्याप्रमाणे पूर्ण करते, पण पावसात तीन फेऱ्या केल्याशिवाय प्रकरणावर सही करणार नाही. उत्तर यायला आठवडा लागला. मुदत वाढणार, खर्च वाढणार, नियमात नसलेलं कशाला, वगैरे. शेवटी फेऱ्यांना होकार मिळाला, प्रवासखर्च मात्र माझा मला करायचा होता. मी तो केला.

उन्हाळ्यातल्या कामात प्राणी भरपूर भेटले. माळटिटवीचं घरटं तर मी जवळजवळ तुडवणारच होते. घरटं कसलं, कातळावरच्या उथळ खळग्यात चार खडे मांडावेत तशी चार अंडी. जांभ्याच्याच रंगाची, त्यावर काळपट ठिपके. मादी अंड्यांवरून उठून थोडी दूर गेली आणि ओरडत राहिली. मी मागे सरले, सावलीही अंड्यांवर पडू नये अशा बेताने बसले. चार-पाच मिनिटांनी ती चालत चालत, थांबत थांबत परत आली आणि अंड्यांवर उभी राहिली. ती त्यांना ऊब देत नव्हती, सावली देत होती. एवढ्या तापलेल्या दगडावर अंडं उघडं राहिलं तर शिजेल. तिथून शंभर पावलांवर डेपोची कुत्री लोळत होती. दुसऱ्या दिवशी घरट्यात तीन अंडी होती, चौथ्या दिवशी एकही नाही. टिटवी मात्र अजून तिथेच फिरत होती.

तुरेवाले चंडोल, संध्याकाळी रस्त्यावर बसणारे रातवे, दगडांखाली फुरसं, हे सगळं नोंदवलं. रात्रीसाठी कॅमेरा ट्रॅप लावले. त्यांत कुत्री, पुन्हा कुत्री, कोल्हा, कांडेचोर आणि एका पहाटे डेपोच्या बांधावरून चालत गेलेला बिबट्या.

बिबट्याच्या त्या छायाचित्राने सगळ्यांचे चेहरे उजळले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी! अहवालाच्या मुखपृष्ठावर घेऊ, असंही कुणी म्हणालं. मला त्यात आनंद वाटत नव्हता. बिबट्या तिथे कुत्र्यांसाठी आला होता, कुत्री कचऱ्यासाठी आली होती, घारी आणि गायबगळेही कचऱ्यासाठीच. डेपोभोवती पक्षी मोजले की संख्या फुगते आणि वाचणाऱ्याला वाटतं, बघा, कचऱ्याने तर इथलं जीवन वाढलंच आहे. त्या फुगलेल्या संख्येतला जवळजवळ प्रत्येक जीव उद्या डेपो हलला तर त्याच्या मागोमाग हलेल. सड्याचं स्वतःचं असं जे काही आहे ते हलू शकत नाही. ते शोधायचं तर मिरगाची वाट पाहण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

पाऊस लागल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. एसटीतून उतरून चढ चढले आणि क्षणभर आपण चुकीच्या सड्यावर आलो की काय असं वाटलं. सगळा कातळ ओल्याने चमकत होता, भेगाभेगांतून हिरवे कोंब वर आले होते. आणि ज्या पट्ट्यावर एप्रिलमध्ये मी ‘उघडा खडक’ असं लिहिलं होतं, तिथे दीपकाडी फुलली होती. कातळाच्या चिरेत बोटभर माती, त्या मातीत रुतलेला कंद, लांब निमुळती पानं आणि वर दांड्यावर पांढरीशुभ्र नळीसारखी फुलं. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या वनस्पतीचं पहिलं वर्णन केलं, तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. कोकणपट्टीतल्या सड्यांखेरीज ती कुठे उगवत नाही. एप्रिलमध्ये माझी चौकट ज्या भेगेवर टेकली होती, त्याच भेगेत तीन दांडे उभे होते. म्हणजे तेव्हाही कंद तिथेच होता, माझ्या हातापासून वीतभर खाली.

आजी छत्री घेऊन आली होती. “आलीस?” एवढंच म्हणाली आणि मला बरोबर घेऊन सड्याच्या दक्षिण अंगाला गेली. तिथे पावसाचं पाणी साठणारे खळगे होते, काही ताटाएवढे, काही अंगणाएवढे. नव्या भरावाचा पहिला टप्पा नेमका याच खळग्यांवर आखलेला होता.

जुलैअखेर आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्या खळग्यांपाशी गुडघे टेकून बसले. जाड कापड खाली घेतलं होतं तरी जांभ्याचे कंगोरे रुतायचे. डोळ्याला भिंग लावून पाण्याच्या काठाशी नेलं की माणसाच्या उंचीवरून जे नुसतं निळसर धुकं वाटतं ते उलगडायला लागतं. सीतेच्या आसवांची नखाएवढी जांभळी फुलं. त्यांच्यामध्ये गेंदाची पांढरी गोल बोंडं, शर्टाच्या बटणाहून लहान. थोडं वर, जिथे पाणी नुसतं झिरपतं तिथे दवबिंदूची तांबूस पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि एका थेंबात अडकलेलं चिलट, अजून पाय हलवणारं. सीतेच्या आसवांचं खरं काम मात्र खाली, चिखलात चालतं. तिच्या धाग्यांसारख्या फांद्यांना मोहरीहून बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात घडतं.

या झाडांनी कीटक का खावेत? कारण कातळावर खायला दुसरं काही नाही. पावसाचं पाणी जवळजवळ कोरं, माती चिमूटभर, नत्राचा दुष्काळ. मोठी, हावरी झाडं इथे तगतच नाहीत. म्हणून या लहानग्यांना जागा आहे. सड्याची सगळी श्रीमंती त्याच्या गरिबीवर उभी आहे, हे पुस्तकात वाचलेलं होतं. ते डोळ्यांनी पाहिलं सप्टेंबरात, डेपोच्या जुन्या भिंतीपाशी.

भिंतीच्या बुडाशी एक फट होती. तिथून काळं पाणी येत होतं, कागदोपत्री ज्याला लीचेट म्हणतात ते. कोऱ्या चहासारखा रंग, वर तेलकट तवंग, डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास. ते पाणी कातळाच्या उतारावरून हातभर रुंदीच्या पट्ट्यात पसरत खालच्या खळग्याकडे जात होतं. त्या पट्ट्याच्या कडेने मी चालत गेले. भिंतीजवळ काहीच नव्हतं, नुसता शेवाळाचा काळा-हिरवा थर. पुढे टाकळा, भरड गवत, रानमोडी, गुडघ्याएवढी, गडद हिरवी, जोमात वाढलेली. ती विरळ होत गेली आणि अंगणाएवढ्या खळग्याच्या अलीकडच्या काठाशी संपली. पलीकडच्या काठावर सीतेची आसवं होती. अलीकडच्या काठावर एकही नव्हतं. त्या पाण्यात विष किती होतं ते प्रयोगशाळा सांगेल. पण विषाच्याही आधी त्यात खत होतं, आणि या झाडांना मारायला तेवढं पुरेसं होतं. मी पट्टीने अंतर मोजलं, फोटो काढले, मग बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्याच पाण्याचा दुसरा भाग जांभ्यात मुरत होता. जांभा सच्छिद्र असतो, आत पोकळ्या असतात. सड्यावर पडलेलं पाणी पायथ्याला झऱ्यांतून, विहिरींतून वर येतं. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे भराव पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवा होता. आजीच्या वाडीची विहीर त्याहून बरीच लांब होती, टेप लावला तर नियमात बसणारी. पाण्याची आतली वाट कुणी मोजली नव्हती. ती तपासणी माझ्या विषयातली नाही, तरी भूजलवाल्या सहकाऱ्याला मी तो खळगा आणि ती विहीर दोन्ही दाखवून आणलं.

लिहायला बसले तेव्हा खरी अडचण आली. काम होतं ‘संरक्षित’ वनस्पतींचं. त्या वेळी कायद्याच्या परिशिष्टात वनस्पती होत्या फक्त सहा, १९९१ च्या दुरुस्तीने आलेल्या. घटपर्णी, कुठ, निळं आणि तांबडं वांडा, लेडीज स्लिपर जातीची ऑर्किडं आणि आंध्रातलं एक सायकस. यांतलं एकही कोकणच्या सड्यावर उगवत नाही. म्हणजे ‘संरक्षित वनस्पती नाहीत’ हे वाक्य मी सप्टेंबरात, दीपकाडी पाहून झाल्यावरही लिहू शकले असते आणि ते कायद्याने बरोबर ठरलं असतं. पहिल्या परिशिष्टातला बिबट्या कचऱ्यामुळे आला होता. ज्यांना कुठलंच परिशिष्ट नव्हतं ती झाडं त्या सड्यामुळे होती आणि सडा गेला की जाणार होती. काय लिहायचं हे मग सोपं झालं. यादीचा प्रश्न एका ओळीत संपवला आणि उरलेलं सगळं प्रकरण त्या खळग्यांवर लिहिलं. कुठल्या तारखेला, पाऊस पडून किती दिवस झाल्यावर, कुठल्या भेगेत काय होतं. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं, ते पाहायला लोक तिकीट काढून जातात. कोकणातले सखल सडे त्याच कुळातले, त्यांच्यावर अशी वेगळी झाडं आहेत, हे डॉ. अपर्णा वाटवेंसारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं फिरून मांडलेलं आहे. त्या मांडणीचा आधार घेतला.

एक नोंद ‘आढळली नाही’ या सदरातही केली. १९९४ मध्ये एस. आर. यादव आणि एम. के. जनार्थनम यांनी कोकणातून ट्रायथुरिया कोंकणेन्सिस ही वनस्पती जगासमोर आणली. पाण्यात वाढणारी, बोटाच्या पेराएवढी, गवताचं रोप समजून कुणीही ओलांडून जाईल अशी. तिच्या कुळातल्या बाकीच्या जाती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आहेत. पुढे २००७ मध्ये कळलं की हे कूळ कमळकुळाच्या जवळचं, सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या शाखेवरचं आहे. मी कुठल्याही सड्यावर खळगा दिसला की तिला शोधते. इथे शोधली, मिळाली नाही. पण या वेळी ‘आढळली नाही’च्या पुढे तीन तारखा, खळग्यांची संख्या आणि ‘यावरून नाही असे समजू नये’ हे वाक्य लिहिलं.

बैठकीत पहिला पर्याय पुढे आला तो अपेक्षितच होता. कंद काढून शेजारच्या सड्यावर लावू, वनविभागाची देखरेख ठेवू. बोलणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, झाडं वाचावीत असंच त्यांना वाटत होतं. मी दीपकाडीच्या भेगेचा फोटो टेबलावर ठेवला. कंद काढायचा तर पहारीने कातळ फोडावा लागेल. आणि कंद एक वेळ हलवाल, खळगा कसा हलवणार? कुठल्या खळग्यात किती बोटं पाणी किती दिवस राहतं, यावरच तिथे काय उगवणार हे ठरतं. तो उतार हजारो वर्षांच्या पावसाने कोरलेला आहे.

नगरपरिषदेचे अभियंता बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो माझ्याही डोक्यात आला नव्हता. नियमाप्रमाणे भरावाच्या तळाला दीड मिलिमीटरचं प्लास्टिकचं आवरण आणि त्याखाली ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर लागतो. सड्यावर तर माती नाही. ती सगळी खालून, भातखाचरांच्या बाजूने ट्रकने वर आणावी लागणार. मग मोकळ्या सड्याऐवजी डेपोच्या पूर्वेला असलेल्या जुन्या चिरेखाणीतच भराव केला तर? खाण आधीच खोदलेली, तिथलं जे जायचं ते गेलेलं. उभ्या भिंतींना आवरण बसवणं महाग आणि किचकट होतं, पण जागा बंदिस्त होती, क्षेत्र कमी लागणार होतं, म्हणून मातीही कमी. दोन-तीन बैठका झाल्या आणि आराखडा फिरला. दक्षिणेचे खळगे बाहेर राहिले. उत्तरेचा एक पट्टा रस्त्याखाली गेला. त्यावर दीपकाडी होती, मी मोजली होती. जुन्या भिंतीची फट बुजवून काळं पाणी टाकीत वळवलं.

२०२२ च्या जूनमध्ये, कामाशिवाय, स्वतःहून गेले. खाणीत भराव सुरू झाला होता. सगळ्या आवाराला उंच कुंपण आलं होतं, कुत्री आत येऊ नयेत म्हणून ते माझ्याच शिफारशींत होतं. कुंपणाबाहेर खळगे भरले होते. ज्या खळग्याचा अलीकडचा काठ मेला होता तिथे अजून टाकळाच होता, गुडघ्याऐवजी घोट्याएवढा. पलीकडे दीपकाडी फुलली होती. मी मोजायला लागले.

आजी दिसली नाही. तासाभराने गुरांच्या घंटा ऐकू आल्या त्या उलट्या बाजूने, चढाकडून. ती घामाघूम होऊन वर आली आणि जांभ्याच्या एका गुंडावर टेकली. कुंपणाने तिची रोजची वाट मधोमध बंद केली होती. आता वाडीतून सड्यावर यायला तिला सगळ्या आवाराला वळसा घालून, रस्त्याने, डंपरच्या कडेकडेने यावं लागत होतं. माझ्या अहवालात टिटवी होती, कोल्ह्याची ये-जा होती, बिबट्याचा मार्ग नकाशावर बाणांनी दाखवलेला होता. गुरांची वाट मी कुठेच लिहिली नव्हती, आणि याच वाटेने ती मला त्या खळग्यांपर्यंत घेऊन गेली होती.

मी तिला तसं सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं.

“हितनं फाटक दिलं असतंनी तर बरं झालं असतं,” ती म्हणाली आणि कुंपणाच्या एका खांबाकडे काठी दाखवली. मी वही उघडून त्या खांबाचा नंबर लिहून घेतला.